जंगलातली जोती

जंगलात जुनं घर शोधायचं असेल तर आधी तिथे जंगल नव्हतं, हे मनाला पटवावं लागतं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, न्यू इंग्लंडच्या कुठल्याही रानात शिरलं की चहूकडे मेपल, बर्च, ओक, हेमलॉक आणि पायाखाली पानांचा जाड थर. हे सगळं अनादि काळापासून असंच उभं आहे असं वाटतं. मग थोडं आत गेल्यावर झाडांमधून एक दगडी गडगा आडवा येतो. कमरेएवढा, मधेमधे ढासळलेला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. तो टेकडी चढून जातो, ओढ्यापाशी उतरतो, पलीकडे पुन्हा वर चढतो. भर जंगलात कुंपण कोण कशाला घालेल? कुंपण शेताला असतं, कुरणाला असतं. म्हणजे त्या गडग्याच्या दोन्ही अंगांना कधीकाळी लख्ख ऊन पडत होतं, आणि ते दगड उचलणाऱ्या माणसाचं घर जवळपासच होतं. ते घर शोधणं हा माझा छंद आहे.

मी न्यू इंग्लंडमधल्याच न्यू हॅम्पशर राज्यात राहते. मेटल डिटेक्टर घेऊन रानात हिंडते, असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग, काही सापडलं का?" सापडतं. पण यंत्र सुरू करण्याआधीचं जे काम असतं, घर हुडकण्याचं, त्यात माझा जीव जास्त रमतो, आणि त्याबद्दल फार कुणी विचारत नाही याचं वाईट वाटतं. कॉइलखाली, म्हणजे यंत्राच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्याखाली, वीतभर जमिनीत काय आहे ते यंत्र सांगतं. कॉइल कुठे धरायची, हे ते सांगत नाही. शेकडो एकर रानात दिवाणखान्याएवढी जागा शोधायची, तर ती माणसालाच शोधावी लागते.

ही घरं ओस का पडली, हे समजून घेतल्याशिवाय ती सापडत नाहीत. ही भूमी मुळात अबेनाकी या मूळनिवासी लोकांची. अठराव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी टेकड्या-टेकड्यांवरची झाडं तोडून इथे शेती मांडली. जमीन कसली, तर हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेल्या दगडगोट्यांची. दर हिवाळ्यात ती गोठते, फुगते, आणि वसंतात नांगराखाली नवे दगड वर आलेले असतात. ते वेचायचे, घसरगाडीवर घालायचे आणि बैलांकरवी बांधापर्यंत ओढून न्यायचे. पिढ्यान् पिढ्या हेच. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये इथे बर्फ पडलं. जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा दहिवर गोठलं, मका हातचा गेला. त्या १८१६ सालानंतर कितीतरी कुटुंबांनी पश्चिमेकडच्या ओहायोची वाट धरली. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि पश्चिमेकडचं स्वस्त धान्य इकडच्या बाजारात आलं.

मधली काही दशकं मेंढ्यांनी तारून नेली. विल्यम जार्विस नावाचे अमेरिकेचे लिस्बनमधले वाणिज्यदूत होते. त्यांनी १८११ च्या सुमारास स्पेनमधल्या मेरिनो मेंढ्या शेजारच्या व्हरमाँट राज्यात आणल्या आणि लोकरीचं वेड सगळ्या डोंगराळ भागात पसरलं. १८४० मध्ये व्हरमाँटची लोकसंख्या ३ लाखांच्या आत होती आणि मेंढ्या होत्या जवळपास १७ लाख. रानातले पुष्कळसे गडगे या मेंढ्यांच्या काळातले आहेत. पुढे लोकरीचे भाव कोसळले, खोऱ्यातल्या कापड गिरण्यांनी तरुण मुलामुलींना ओढून घेतलं, १८६० च्या दशकातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात आणखी गेले. शेतात गवत माजलं, गवतात पाइन आला, पाइन तोडला गेल्यावर मेपल आणि ओक वर आले. आज न्यू हॅम्पशरचा ८० टक्क्यांहून जास्त भाग पुन्हा जंगल आहे. ऑलिव्हर बाउल्स या खाण अभियंत्याने १९३९ मध्ये, १८७० च्या दशकातल्या सरकारी कुंपण-पाहणीच्या आधारे, न्यू इंग्लंडमधल्या गडग्यांची लांबी २,४०,००० मैल काढली होती. चंद्र आपल्यापासून साधारण एवढाच लांब आहे. ही मोजणी डोक्यात ठेवून रानातल्या एका गडग्यावर हात ठेवला की प्रत्येक दगड कुणीतरी उचललाय, हे तळहाताला जाणवतं.

शोधाची सुरुवात मात्र घरी, रात्रीच्या जेवणानंतर, टेबलाशी होते. १८५० च्या दशकात हेन्री वॉलिंग आणि त्यांच्यासारख्या इतर नकाशाकारांनी काउंटीवार, म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्याचे, भिंतीवर टांगायचे मोठे नकाशे छापले. त्यांत रस्त्याकडेच्या घरांना एकेक ठिपका आहे आणि ठिपक्याशेजारी घरमालकाचं नाव. शाळा, लोहाराची भट्टी, लाकडाची गिरणी यांना आद्याक्षरं. १८७० च्या आगेमागे बीअर्स यांचे व्हरमाँटचे अ‍ॅटलास निघाले, १८९२ मध्ये हर्ड कंपनीचा न्यू हॅम्पशरच्या गावांचा. त्याच सुमाराला सरकारी सर्वेक्षणाचे समोच्चरेषांचे नकाशे सुरू झाले. त्यांत नाव नाही, घर म्हणजे फक्त इवलासा काळा चौकोन. काउंटीचे जुने नकाशे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने (लायब्ररी ऑफ काँग्रेस) आणि सर्वेक्षणाचे त्या खात्याने ऑनलाइन खुले केलेत. मी एकाच टेकडीचे तीन काळांतले नकाशे शेजारी-शेजारी उघडते. पहिल्यात ठिपका आहे, दुसऱ्यात नाही, आजच्या नकाशात रस्तासुद्धा नाही, अशी जागा दिसली की माझं बोट तिथे थांबतं. लवकर ओस पडलेलं घर मला हवं असतं. विसाव्या शतकापर्यंत नांदलेल्या घराभोवती डबे, तारा, पत्रे आणि बाटल्यांची झाकणं इतकी विखुरलेली असतात की त्याखालचं जुनं काही ऐकूच येत नाही.

या नकाशांवर किती विसंबायचं, हे सरावाने कळतं. नकाशाकाराची माणसं मोजणीचं चाक ढकलत रस्त्याने जायची आणि जाताजाता घरं टिपायची. म्हणून रस्त्यावर कुठलं घर कुणानंतर येतं, हा क्रम बहुतेक बरोबर असतो. घर रस्त्यापासून किती आत, हे मात्र अंदाजपंचे. शिवाय नकाशा निघण्याआधीच ज्यांनी घर सोडलं, त्यांचा ठिपका कुठेच नाही. ती घरं फक्त जमिनीवर आहेत.

त्यासाठी लायडार आहे. विमानातून लेझरचे लाखो झोत खाली सोडतात. त्यातले काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून परत येतात. तेवढेच ठेवून बाकीचे गाळले की पडद्यावर झाडं नसलेली टेकडी उभी राहते. पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत त्याच्यापुढून उठले नव्हते. रोज जिथून जाते त्या रानात गडग्यांची बारीक रेघ न् रेघ, बुजलेल्या गाडीवाटा, आणि एका वाटेच्या काठाला चौकोनी दबलेली खूण. न्यू हॅम्पशरच्या भूगर्भ सर्वेक्षणाने तर लोकांनाच आवाहन केलं, की या चित्रांवरून आपापल्या भागातले गडगे रेखाटून द्या. एका सरकारी खात्याने सामान्य माणसाच्या डोळ्यांवर असा भरवसा टाकावा, याचं मला फार कौतुक वाटतं. अर्थात प्रत्येक चौकोनी खूण घराची नसते. मुळासकट उलथलेलं झाड खड्डा करतं, खडीसाठी कुणी उकरलेलं असतं, गोल सपाट जागा कोळशाच्या भट्टीची निघते. त्याचा निकाल चालत गेल्यावरच लागतो.

चालायचं कधी, तर पानगळ झाल्यावर, बर्फ साचण्याआधी. किंवा एप्रिलमध्ये, बर्फ वितळून गेल्यावर आणि पालवी फुटण्याआधी. उन्हाळ्यात नेच्यांमध्ये गुडघ्याखालचं काही दिसत नाही, आणि हरणांवरचे गोचीड अंगाला चिकटतात. ज्या आजाराला कनेटिकटमधल्या लाइम गावाचं नाव पडलं तो त्यांच्यामुळेच होतो. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम असतो, तेव्हा अंगात भडक नारिंगी जाकीट हवंच. वाट म्हणून मला इथले 'क्लास सिक्स' रस्ते फार उपयोगी पडतात. गावाने देखभाल सोडून दिलेले, पण सार्वजनिक हक्क कायम असलेले हे जुने रस्ते. दोन्ही बाजूंना गडगे, मधे घोट्याएवढं पाणी आणि पडलेली झाडं. ज्या काळात घर होतं त्या काळातला माणूस घरी याच रस्त्याने यायचा, म्हणून मीही शक्यतो याच रस्त्याने जाते.

गडगे खूप काही बोलतात. नुसते मोठे, उचलायला दोन माणसं लागतील असे दगड असतील तर पलीकडे कुरण होतं. मोठ्या दगडांमध्ये मुठीएवढ्या दगडांची भर दिसली तर तिथे नांगर फिरत होता, कारण मेंढीला मुठीएवढ्या दगडाचा त्रास नाही, फाळाला आहे. नांगरलेली जमीन अजूनही सपाट लागते. जिथे कधी नांगर गेला नाही, तिथे पडलेल्या झाडांनी शतकानुशतकं केलेले उंचवटे-खळगे पायाला कळतात. एखादा म्हातारा ओक भोवतालच्या सडपातळ झाडांत आडव्या, जाडजूड फांद्या पसरून उभा असेल, तर तो उघड्या कुरणात एकटाच वाढलेला आहे. त्याच्या सावलीत गुरं बसत असणार. इथले लोक त्याला 'वुल्फ ट्री' म्हणतात. एकाच बुंध्यातून चार-पाच खोडं फुटलेले पाइनही उघड्या माळाचीच साक्ष देतात. उन्हात वाढणाऱ्या कोवळ्या पाइनचा शेंडा एक भुंगेरा खातो आणि झाड बाजूने फुटतं.

आणि मग गडगे जवळजवळ येऊ लागतात. मोठी कुरणं संपून लहान लहान वाडगी सुरू होतात, दोन गडग्यांमधून गुरं हाकायची बोळ निघते. इथे मी चाल मंद करते. घर जवळ आलेलं असतं.

बहुतेक वेळा घराआधी त्याची बाग भेटते. लायलॅकचं झुडूप आपणहून रानात येत नाही, ते कुणीतरी दारापाशी लावलेलं असतं. घर कोसळतं, छप्पर कुजतं, माणसं हजार मैलांवर जाऊन मरतात, आणि लायलॅक दीडशे वर्षांनीही मे महिन्यात अंधाऱ्या पाइनखाली दोन-चार तुरे काढतो. डे-लिलीची नारिंगी फुलं सावलीत धरत नाहीत, पण तिच्या लांब पात्यांचे झुबके टिकून असतात. सफरचंदाचं झाड उन्हाच्या शोधात वाकडंतिकडं होऊन वर गेलेलं. रस्त्याकडेला एका ओळीत मेपलचे प्रचंड बुंधे. जमिनीवर विंकाचा गर्द हिरवा गालिचा. आपल्या सदाफुलीच्याच कुळातली ही वेल, निळ्याजांभळ्या फुलांची. विंका दिसली की मात्र मी थांबून नीट पाहते, कारण ती इथे कबरींवरही लावायचे. शेतघराजवळ घरच्या माणसांना पुरायची पद्धत होती आणि सगळ्यांना कोरीव शिळा परवडत नव्हती. एका रेषेत रोवलेले साधे दगड, एक डोक्याशी, एक पायाशी, मधे माणसाएवढी किंवा मुलाएवढी जागा. अशी ओळ दिसली की यंत्र पाठीवरच राहतं आणि मी बाजूने वळसा घालून जाते. याला अपवाद नाही.

तळघराचा खड्डा पहिल्यांदा पाहणाऱ्याला कदाचित काहीच वाटणार नाही. आठ-दहा पावलं लांब, तेवढाच रुंद, पुरुषभर खोल, पानांनी अर्धा भरलेला. पण काठावर बसून पाहत राहावं. आतल्या बाजूला दगड असे सरळ लावलेत की आजही सुरी आत जाणार नाही. एका कोपऱ्यात उतार आहे, तिथून बटाट्याची पोती आणि सफरचंदाची पिंपं आत जायची. मधोमध दगडांचा ढीग दिसला तर तो धुराड्याचा पाया. सगळं घर त्याच्याभोवती उभं होतं, चूल तिथेच होती. धुराडं मधे असेल तर घर बहुधा जुनं, पुढच्या काळात धुराडी भिंतीकडे सरकली. काठाला एक लांबट, सपाट, वरच्या अंगाने घासलेली शिळा असते, ती दाराची पायरी. ती सापडली की मला घराचं तोंड कळतं. मग आड कुठे असेल, गोठा कुठे, शेणकी कुठे, याचा अंदाज बांधता येतो. अंगण बहुतेक दक्षिणेला, कारण इथल्या हिवाळ्यात उन्हाची तिरीप हीच मोठी संपत्ती.

आडाची काळजी घ्यावी लागते. दगडांनी बांधलेले हे अरुंद आड वीस-पंचवीस फूट खोल असू शकतात आणि तोंडावर टाकलेल्या फळ्या कधीच कुजलेल्या असतात. काठीने पुढची जमीन ठोकल्याशिवाय घराच्या आसपास मी पाऊल टाकत नाही.

जागा सापडली म्हणजे खणायचा हक्क मिळाला असं नाही, आणि या बाबतीत मी फार कडक आहे. राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर नेण्याचीच मनाई आहे. इतर केंद्रीय जमिनींवर १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्याने १०० वर्षांहून जुन्या अवशेषांना संरक्षण आहे, परवान्याशिवाय त्यांना हात लावणं गुन्हा आहे. राज्यांचे नियम वेगळे, गावांचे वेगळे. मी फक्त खाजगी जमिनीवर आणि मालकाला भेटून, त्याचा स्पष्ट होकार घेऊनच यंत्र काढते. रात्री बॅटरी लावून दुसऱ्याच्या रानात शिरणारे लोक आहेत. त्यांच्यामुळे ऐतिहासिक जागा तर उकरल्या जातातच, पण ज्या दारावर मी टकटक करते त्या दारामागच्या माणसाचा माणसावरचा विश्वासही उडतो.

होकार मागायला गेल्यावर जे मिळतं ते कित्येकदा नकाशात नसतं. एका वृद्ध गृहस्थांकडे मी वॉलिंगच्या नकाशाची प्रत घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावून ठिपका पाहिला आणि म्हणाले, "तिथे काही नाही हो, नुसता खड्डा आहे. लहानपणी आम्ही त्यात किल्ला करायचो." मग काठी घेऊन तेच माझ्याबरोबर निघाले. खड्ड्यापाशी न थांबता सरळ पुढे गेले, पानं काठीने बाजूला केली आणि खाली एक भलीमोठी शिळा दाखवली. "हा आड. माझ्या आजोबांनी झाकला. आम्हाला इथे यायची बंदी होती." मी त्यांना लायलॅक दाखवला, पायरी दाखवली, स्वयंपाकघर कुठल्या बाजूला असेल ते सांगितलं. सगळा जन्म त्या रानाच्या कडेला काढलेले ते गृहस्थ दाराच्या पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "म्हणजे मी किल्ला करायचो ते यांचं तळघर."

यंत्राबद्दल थोडक्यात सांगते. अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी १८८१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी विजेच्या वेटोळ्यांचं उपकरण वापरून पाहिलं होतं. गोळी सापडली नाही, पण तत्त्व तेच आहे. कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, जमिनीतला धातू त्याला उत्तर देतो, ते उत्तर कानात सूर होऊन येतं. लोखंडाचा सूर खरखरीत, खालचा. तांब्या-चांदीचा वर चढलेला, गोल. जुन्या घराभोवती खिळ्यांचा इतका सडा असतो की कानात अखंड घरघर चालते, आणि त्या घरघरीतून एखादा चढा सूर निवडून काढायला कान तयार व्हावा लागतो. नवखे लोक लोखंडाचा आवाज बंदच करून टाकतात. मी तो चालू ठेवते. खिळ्यांची घरघर जिथे दाट तिथे भिंत होती, जिथे थांबते तिथे अंगण सुरू होतं.

खिळ्यांवरून वयही कळतं. चारी बाजूंनी निमुळता, डोक्यावर घणाचे घाव असलेला खिळा लोहाराने हाताने घडवलेला, बहुतेक १८०० च्या आधीचा. दोनच बाजूंनी निमुळता, पत्र्यातून कापलेला असेल तर एकोणिसाव्या शतकातला. तारेचा गोल खिळा १८९० च्या पुढेमागे सर्वत्र आला. एखाद्या जागी फक्त पहिले दोन सापडले आणि तिसरा एकही नाही, की मी तिथे मनाने मुक्कामच टाकते.

सापडतं ते बहुतेक मोडकं, हरवलेलं, फेकलेलं. बैलाच्या खुराची अर्धी पत्री. बुटाचं पितळी बक्कल. शिशाची गोळी. मागे कडी असलेली, भोकं नसलेली चपटी बटणं, मागच्या बाजूला मुलामा किती उत्तम त्याची जाहिरात कोरलेली. आणि १७९३ ते १८५७ या काळातली तांब्याची मोठी सेंट नाणी. पाइनखालची माती आम्ल असते, ती तांबं खाते. कित्येकदा हातात येते ती फक्त एक हिरवी चकती, जिच्यावर बोट फिरवलं तर चेहऱ्याची कड लागते. स्पॅनिश चांदीचं नाणं मात्र काल पडल्यासारखं निघतं. १८५७ पर्यंत ती नाणी अमेरिकेत कायदेशीर चलन होती, म्हणून मेक्सिकोत पाडलेली चांदी न्यू हॅम्पशरच्या शेतकऱ्याच्या खिशातून पडू शकते.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते अंगुस्तान, शिवताना बोटाला सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी. पितळेचं एक असं सापडलं, दक्षिणेच्या अंगणात, पायरीपासून चार पावलांवर. शेंड्याचे बारीक खळगे एका बाजूला झिजून गुळगुळीत झालेले, आणि एके ठिकाणी आरपार भोक. सुई तिथेच टेकत राहिली असणार, वर्षानुवर्षं, एकाच बोटाच्या एकाच सवयीने. माझ्या करंगळीतही ते पुरतं जाईना. एवढ्या बारीक बोटांची बाई, किंवा शिवण शिकणारी मुलगी, त्या पायरीपाशी उन्हात बसलेली होती. तिचं नाव मला कुठे सापडणार? नकाशावर नाव आहे ते घरमालकाचं. देशाची पहिली जनगणना १७९० ची, पण १८४० पर्यंतच्या सगळ्या जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीची माणसं म्हणजे वयोगटाच्या रकान्यांतले आकडे. घरातल्या प्रत्येकाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते १८५० मध्ये. त्याआधी ज्यांनी ते घर सोडलं त्यांतल्या कितीतरी बायकांची, मुलांची तिथे राहिल्याची खूण एवढीच उरली आहे. मला हे छोटं वाटत नाही.

म्हणूनच वस्तू काढून घरी नेणं आणि जागा विसरणं, हे मला मान्य नाही. अंगुस्तान पायरीजवळ सापडलं म्हणून ते बोलतं. काचेच्या डबीत शंभर अंगुस्तानांत ठेवलं तर ते मुकं झालं. मी प्रत्येक वस्तूचं अंतर पायरीपासून आणि धुराड्याच्या पायापासून मोजून वहीत लिहिते, खोली लिहिते, माती परत भरून पानं पसरते. वस्तूंवर पहिला हक्क जमीनमालकाचा. वहीची प्रत गावच्या इतिहास मंडळाला देते. तळघराच्या आत मी खणत नाही. तिथले थर उलगडायला शिकलेला माणूस हवा, आणि तो येईपर्यंत ते जसेच्या तसे राहायला हवेत.

मॅसॅच्युसेट्समध्ये क्वाबिन जलाशय आहे. बॉस्टनच्या पाण्यासाठी डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं २८ एप्रिल १९३८ रोजी कायद्याने संपवण्यात आली. डेनाचा चौक पाण्याच्या वर राहिला. तिथे मी यंत्राशिवाय जाते. चौकाभोवती तळघरांचे खड्डे आहेत, पायऱ्या आहेत, आणि घरदार गमावलेल्यांच्या नावाने एक दगड आहे, त्यावर १८०१ ते १९३८ असं गावाचं आयुष्य कोरलेलं आहे. तिथली घरं कुणाची होती, कशी दिसायची, हे ठाऊक आहे, फोटो आहेत. माझ्या टेकड्यांवरच्या घरांची अशी नोंद नाही. त्यांना कुणी एका दिवशी उठवलं नाही, ती एकेक करून विझत गेली. नोंद करायची तर ती आता ज्याच्या पायांखाली जागा येते त्यानेच केली पाहिजे.

सध्या माझ्या टेबलावर एक ठिपका आहे. १८५० च्या दशकातला नकाशा, आणि ठिपक्याशेजारी आडनावाआधी 'विडो' या शब्दाचं लघुरूप. विधवेचं घर. त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांचे खड्डे मला मिळालेत, म्हणजे क्रमाप्रमाणे हे घर त्या दोहोंच्या मधेच असायला हवं. लायडारवर तिथे एकही चौकोन नाही. लायलॅक नाही, मेपल नाही. माझा तर्क असा, की या घराला तळघरच नव्हतं. पैसा नसलेल्यांची घरं चार कोपऱ्यांच्या चार दगडांवर उभी राहायची, आणि अशा घराचं मागे उरतं ते फक्त धुराड्याच्या दगडांचं लहानसं ढिगुळं, पानांखाली. पण उताराच्या खालच्या अंगाला दगडांनी बांधून काढलेला एक झरा आहे. आड खणवणं तिला परवडलं नसेल तर पाणी तिथूनच जात असणार, हातात भरलेली बादली घेऊन, म्हणजे वाट लांब नसणार आणि चढ अंगावर येणारा नसणार. झऱ्याच्या उत्तरेला दोन सपाट दगड पायरीसारखे बसवलेले आहेत. जमीनमालकाचा होकार आला आहे. पानं गळली की झऱ्यापासून, त्या दोन दगडांवरून, मी वर चालत जाणार आहे.